टॅबलेटच्या ब्राउझरमधून व्हॉट्सॲप कसे वापरावे

टॅबलेटच्या ब्राउझरमध्ये वेब डॉट व्हॉट्सॲप डॉट कॉम हा पत्ता टाकला की पुष्कळदा क्यूआर कोड दिसण्याऐवजी ‘ॲप डाउनलोड करा’ असे सांगणारे पान उघडते, आणि आपल्या टॅबलेटवर ही सोय चालतच नाही अशी समजूत करून घेऊन माणूस तिथेच थांबतो. वास्तविक टॅबलेटमध्ये काहीच उणे नसते. कोणताही ब्राउझर संकेतस्थळाकडे पान मागताना आपण कोण आहोत आणि कोणत्या यंत्रावर चालतो हे सांगणारी एक ओळ सोबत पाठवतो. ती ओळ वाचून संकेतस्थळ समोरचे यंत्र मोबाइल असल्याचे ठरवते आणि मोबाइलवर ॲप असणारच, असे गृहीत धरून आपल्याला दुसऱ्या पानाकडे वळवते. हीच ओळ संगणकावरच्या ब्राउझरसारखी करून पाठवण्याची सोय बहुतेक ब्राउझरमध्ये असते. तिला ‘डेस्कटॉप साइट’ म्हणतात, आणि टॅबलेटवरचे निम्मे काम तिथेच होते.

ब्राउझर केव्हा आणि ॲप केव्हा

व्हॉट्सॲप वेब जानेवारी २०१५मध्ये सुरू झाले तेव्हा ते फोनचे निव्वळ प्रतिबिंब होते. फोन बंद पडला किंवा त्याचे इंटरनेट गेले की ब्राउझरमधले पानही ठप्प होत असे. २०२१पासून ही रचना बदलत गेली. आता जोडलेले प्रत्येक उपकरण संदेश उघडण्याच्या स्वतःच्या सांकेतिक किल्ल्या स्वतःजवळ बाळगते आणि थेट सेवेशी बोलते, त्यामुळे फोन दुसऱ्या खोलीत बंद पडलेला असला तरी टॅबलेटवर संदेश येतात आणि जातात. एका खात्याला मुख्य फोनखेरीज चार उपकरणे जोडता येतात. त्यांत टॅबलेट, लॅपटॉप, दुसरा फोन यांपैकी काहीही चालते. अँड्रॉइड टॅबलेटसाठी ॲप आहे आणि २०२५च्या मे महिन्यात आयपॅडसाठीही स्वतंत्र ॲप आले.

म्हणून स्पष्टच सांगायचे तर, टॅबलेट तुमचा एकट्याचा असेल, पुरेसा नवा असेल आणि त्यावर ॲप बसत असेल, तर ब्राउझरच्या फंदात पडू नये. ॲपमध्ये सूचना वेळेवर येतात, कॉल घेता येतात आणि बोटांनी वापरायच्या दृष्टीनेच पडद्याची मांडणी केलेली असते. ब्राउझरचा मार्ग उपयोगी पडतो तो वेगळ्या परिस्थितीत. टॅबलेट इतका जुना असतो की ॲप स्टोअरमधून ॲप उतरतच नाही, किंवा १६ जीबीच्या साठ्यात आणखी एका ॲपला जागाच उरलेली नसते. कार्यालयाने किंवा शाळेने दिलेल्या टॅबलेटवर नवे ॲप बसवायला मुभा नसते. गृहनिर्माण संस्थेच्या कचेरीत एकच टॅबलेट असतो, तो सचिव आणि व्यवस्थापक आळीपाळीने वापरतात आणि त्यांपैकी कोणाचेही खाते त्यावर कायमचे राहणे इष्ट नसते. किंवा ॲपमध्ये घरचा क्रमांक आधीच जोडलेला असतो आणि दुकानाचा क्रमांकही त्याच पडद्यावर पाहायचा असतो. अशा वेळी ॲपमध्ये एक आणि ब्राउझरमध्ये दुसरे, अशी दोन खाती शेजारी शेजारी सुखाने नांदतात.

सुरुवात करण्यापूर्वी

ब्राउझर अद्ययावत करून घ्यावा, कारण फार जुन्या आवृत्तीत पान उघडतच नाही किंवा ब्राउझर अद्ययावत करण्याचा निरोप देऊन थांबते. टॅबलेटवरील तारीख आणि वेळ बरोबर आहे ना, हे पाहण्यास विसरू नये. पुष्कळ दिवस कपाटात पडून राहिलेल्या टॅबलेटचे घड्याळ चुकलेले असते, आणि घड्याळ चुकले की संकेतस्थळाच्या सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत ब्राउझरला चुकीची वाटते, त्यामुळे ‘जोडणी सुरक्षित नाही’ असा इशारा येतो. लोक इंटरनेटवाल्याला फोन करत बसतात आणि दोष तारखेचा असतो.

जुन्या आयपॅडबाबत एक मर्यादा मान्य केली पाहिजे. पहिला आयपॅड एअर, आयपॅड मिनी २ आणि मिनी ३ ही यंत्रे आयओएस १२ या कार्यप्रणालीच्या पुढे गेली नाहीत. त्यांच्यावर क्रोम बसवून पाहिले तरी फारसा फरक पडत नाही, कारण त्या यंत्रांवरच्या क्रोमलाही पान मांडण्यासाठी सफारी या ॲपलच्या ब्राउझरचेच इंजिन वापरावे लागते. डेस्कटॉप साइट मागूनही पान उघडले नाही, तर अशा यंत्रावर वेळ घालवू नये.

अँड्रॉइड टॅबलेटवर

क्रोम उघडावा. वरच्या उजव्या कोपऱ्यात तीन उभे ठिपके असतात. त्यांवर बोट टेकवले की एक लांब यादी उघडते आणि तिच्या खालच्या भागात ‘डेस्कटॉप साइट’ असा पर्याय दिसतो. त्यासमोरच्या चौकटीत बरोबरची खूण करावी. आता पत्त्याच्या पट्टीत वेब डॉट व्हॉट्सॲप डॉट कॉम हा पत्ता पुन्हा, पूर्ण टंकित करावा. ‘पुन्हा’ म्हणण्याचे कारण असे, की आधी हे पान उघडून पाहिले असेल तर पत्त्याच्या पट्टीतला पत्ता तोवर बदललेला असतो. खूण केल्यावर ब्राउझर तेच दुसरे पान डेस्कटॉपच्या रूपात नव्याने आणतो, आणि उपाय लागू पडला नाही असे आपल्याला वाटते. या एका जागी बहुतेकांची गाडी अडते.

प्रत्येक वेळी ही खूण करावी लागू नये यासाठी क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘साइट सेटिंग्ज’ या विभागात ‘डेस्कटॉप साइट’ हा पर्याय कायमचा चालू करता येतो. मात्र तो चालू केला की वर्तमानपत्रांपासून बँकेपर्यंत सगळीच संकेतस्थळे बारीक अक्षरांत दिसू लागतात. टॅबलेट आठ इंची असेल तर ते डोळ्यांना त्रासाचे होते. काही मोठ्या टॅबलेटवर क्रोम आपणहूनच डेस्कटॉपचे पान मागतो. तिथे यांपैकी काहीच करावे लागत नाही. फायरफॉक्समध्ये आणि सॅमसंगच्या ब्राउझरमध्येही हीच सोय थोड्याफार वेगळ्या जागी सापडते.

आयपॅडवर

आयपॅडओएस १३ या आयपॅडच्या कार्यप्रणालीपासून, म्हणजे २०१९पासून, सफारी मोठ्या पडद्यावर मुळातच डेस्कटॉपची पाने मागते. त्यामुळे पत्ता टाकला की थेट क्यूआर कोड दिसायला हवा. तो दिसला नाही तर पत्त्याच्या पट्टीजवळचे पानासंबंधीच्या पर्यायांचे चिन्ह दाबावे; बऱ्याच आवृत्त्यांत तिथे लहानमोठी दोन इंग्रजी ए अक्षरे असतात. उघडलेल्या यादीतून डेस्कटॉप संकेतस्थळ मागवण्याचा पर्याय निवडावा. आयपॅडचा पडदा दोन भागांत विभागून सफारी अरुंद भागात ठेवली असेल, तर आधी ती पूर्ण पडद्यावर घ्यावी.

फोनशी जोडणी

आता टॅबलेटवर क्यूआर कोड आणि हातात फोन, अशी स्थिती असते. अँड्रॉइड फोनवर व्हॉट्सॲप उघडून वरच्या तीन ठिपक्यांतून ‘लिंक्ड डिव्हायसेस’ या पर्यायाकडे जावे. आयफोनवर हा पर्याय सेटिंग्जमध्ये असतो. तिथे ‘लिंक अ डिव्हाइस’ हे बटण दाबल्यावर फोन तुमचे बोट, चेहरा किंवा कुलपाचा आकडा मागतो. त्यानंतर कॅमेरा उघडतो. तो टॅबलेटच्या पडद्यासमोर धरला की क्षणभरात जोडणी होते. फोन आणि टॅबलेट एकाच वायफायवर असणे आवश्यक नाही. दोघांनाही इंटरनेट असले की पुरे. कोड काही सेकंदांनी बदलत राहतो आणि बराच वेळ तसाच ठेवला तर तो निकामी होऊन त्या जागी पुन्हा आणण्याचे बटण दिसते, ते दाबावे. टॅबलेटचा पडदा फार उजळ असेल किंवा त्यावर दिव्याचे प्रतिबिंब पडत असेल, तर कॅमेऱ्याला कोड वाचता येत नाही. उजेड थोडा कमी करून टॅबलेट किंचित तिरका धरावा.

या चौकोनात नेमके काय घडते, हे समजून घेतले तर पुढची खबरदारी का घ्यायची तेही कळते. क्यूआर कोडमध्ये टॅबलेटच्या ब्राउझरने नुकतीच तयार केलेली स्वतःची ओळख असते. फोन ती वाचतो आणि ‘हे उपकरण माझ्याच मालकाचे आहे’ असा सांकेतिक शिक्का तिच्यावर उमटवतो. त्यापुढे तुम्हाला संदेश पाठवणाऱ्याचा फोन प्रत्येक संदेश तुमच्या फोनसाठी आणि टॅबलेटसाठी वेगवेगळा कुलूपबंद करून पाठवतो. म्हणजे जोडलेला ब्राउझर ही तुमच्या घराची करून घेतलेली दुसरी किल्लीच होय. पहिली किल्ली खिशात असल्याने दुसरी निरुपयोगी होत नाही.

फोनचा कॅमेरा बिघडला असेल तर कोड न दाखवताही जोडणी करता येते. टॅबलेटवरील क्यूआर कोडच्या खाली फोन क्रमांकाने जोडण्याचा पर्याय असतो. तो निवडून देशाचा संकेतांक आणि आपला क्रमांक टाकला की टॅबलेटवर आठ अक्षरांचा आणि अंकांचा संकेत दिसतो. फोनवर ‘लिंक अ डिव्हाइस’ दाबल्यावर येणाऱ्या कॅमेऱ्याच्या खाली क्रमांकाने जोडण्याचा पर्याय आहे. तिथे हा संकेत टाकावा. संकेत टॅबलेटवर वाचायचा आणि फोनवर टाकायचा, हा क्रम ध्यानात ठेवावा. नेहमीच्या ओटीपीत क्रम याच्या उलट असल्याने गोंधळ होतो.

जोडणीनंतर अलीकडचे संदेश फोनकडून टॅबलेटकडे येऊ लागतात. खाते जुने आणि समूह पुष्कळ असतील तर याला काही मिनिटे लागतात. तेवढा वेळ फोनवर व्हॉट्सॲप उघडे ठेवावे आणि पान बंद करू नये. फार जुने संदेश टॅबलेटवर दिसले नाहीत तर ते हरवलेले नसतात, फोनवर असतात. बॅकअपही फोनच घेतो, ब्राउझर नव्हे.

प्रत्यक्ष वापरताना

हे पान माऊस आणि कळफलक असलेल्या संगणकासाठी बांधलेले आहे, आणि तसे ते पावलोपावली जाणवते. टॅबलेट आडवा धरावा. उभा धरल्यास डावीकडची संभाषणांची यादी आणि उजवीकडचे संभाषण दोन्ही अरुंद होतात. एखाद्या संदेशाला उत्तर देण्याची किंवा तो पुढे पाठवण्याची यादी संगणकावर माऊस त्या संदेशावर नेला की दिसणाऱ्या बारीक बाणातून उघडते. टॅबलेटवर माऊस नसतो, म्हणून संदेशावर एकदा हलकेच बोट टेकवून बाण उमटतो का ते पाहावे; बोट दाबून धरले तर बऱ्याचदा मजकूरच निवडला जातो. रोजचे काम याच पानावर करायचे असेल तर ब्लूटूथ माऊस जोडून घ्यावा, त्याने निम्मी कटकट संपते.

मराठी लिहिणाऱ्यांसाठी टॅबलेट मात्र फोनपेक्षा खरोखरच चांगला, आणि माझ्या मते एवढ्यासाठीसुद्धा ही खटपट करण्याजोगी आहे. जीबोर्ड या गूगलच्या कळफलकात मराठी भाषा जोडल्यावर देवनागरी कळा, रोमन अक्षरांत लिहून देवनागरी उमटवण्याची सोय आणि बोलून लिहिणे, हे तिन्ही मार्ग मिळतात; हस्ताक्षराचा पर्याय निवडला तर मोठ्या पडद्यावर बोटाने किंवा पेनाने लिहिलेले ‘ज्ञ’ किंवा ‘क्ष’सुद्धा ओळखले जाते. अडचण येते ती एंटर कळीची. ब्राउझरमध्ये एंटर दाबले की मूळ नियमाप्रमाणे संदेश निघून जातो, त्यामुळे संस्थेच्या सभेची सूचना लिहिताना दुसऱ्या ओळीवर जाऊ पाहणारा माणूस ‘सर्व सभासदांस कळविण्यात येते की’ एवढेच वाक्य समूहावर पाठवून मोकळा होतो. बाहेरचा कळफलक असेल तर शिफ्ट धरून एंटर दाबावे. पडद्यावरच्या कळफलकासाठी व्हॉट्सॲप वेबच्या सेटिंग्जमध्ये, चॅट्स या विभागात, एंटरने संदेश पाठवण्याचा पर्याय बंद करावा. लिहिताना अक्षरे मागेपुढे होऊ लागली किंवा शब्द दोनदा उमटू लागला, तर मजकूर टिपणवहीच्या ॲपमध्ये लिहून इथे आणून चिकटवणे सोपे.

आलेली छायाचित्रे आणि पीडीएफ उघडून डाउनलोडचा बाण दाबला की ती टॅबलेटच्या डाउनलोड्स विभागात साठतात. पाठवताना लिहिण्याच्या जागेशेजारचे अधिकचे चिन्ह वापरावे. आवाजी संदेश पहिल्यांदा पाठवताना ब्राउझर मायक्रोफोनची परवानगी मागतो. घाईत ती नाकारली गेली तर पुढे तो पुन्हा विचारत नाही आणि माइक बिघडल्यासारखे वाटते. पत्त्याच्या पट्टीतील संकेतस्थळाच्या माहितीच्या चिन्हावर जाऊन परवानगी पुन्हा द्यावी. कॉलसाठी फोन हाताशी ठेवावा.

सूचनांवर भिस्त ठेवू नये. दुसरे ॲप उघडून ब्राउझर मागे गेला की वीज वाचवण्यासाठी टॅबलेट थोड्या वेळाने त्या पानाचे काम थांबवतो, आणि मग संदेश येतात ते तुम्ही पान पुन्हा उघडल्यावर. आयपॅडवर संकेतस्थळांना सूचना पाठवण्याची मुभा मिळाली तीच मुळी आयपॅडओएस १६.४पासून, आणि तीही होम स्क्रीनवर ठेवलेल्या पानांनाच. तातडीचा निरोप यायचा असेल तर त्याची वाट फोनवरच पाहावी.

जोडणी का तुटते

मुख्य फोनवर चौदा दिवस व्हॉट्सॲप वापरले गेले नाही, तर जोडलेली सगळी उपकरणे आपोआप बाहेर पडतात. ब्राउझरचा इतिहास आणि साठवलेली माहिती पुसली तरी जोडणी जाते, कारण टॅबलेटच्या सांकेतिक किल्ल्या त्याच माहितीत असतात. साठा रिकामा करणारी ‘सफाई’ची ॲपे नेमके हेच करतात. खासगी विंडोत जोडणी केली असेल तर विंडो बंद होताच ती संपते, आणि दुसऱ्याच्या टॅबलेटवर तेच सोयीचे असते. सफारीचा आणखी एक नियम २०२०पासून लागू आहे: ब्राउझर सात दिवस वापरात असूनही एखाद्या संकेतस्थळाला तुम्ही त्या काळात हात लावला नाही, तर त्याने साठवलेली माहिती सफारी पुसून टाकते. आठवड्यातून एखाद्याच वेळी हे पान उघडणाऱ्या आयपॅडधारकांना पुन्हा कोड का दाखवावा लागतो, याचे उत्तर बहुधा इथे असते.

भारतातील क्रमांकांबाबत सरकारी नियमाचीही भर पडली आहे. दूरसंचार विभागाने २८ नोव्हेंबर २०२५ रोजी मेसेजिंग सेवांना दिलेल्या निर्देशांत असे म्हटले आहे, की खाते ज्या सिमवर नोंदवले आहे ते सिम फोनमध्ये सतत असल्याखेरीज सेवा चालू नये, आणि ब्राउझरमधून वापरणाऱ्यास जास्तीत जास्त सहा तासांनी बाहेर काढून क्यूआर कोडने पुन्हा जोडणी करू द्यावी. परदेशात राहून भारतातल्या क्रमांकावर व्हॉट्सॲप चालवणाऱ्या आणि ते सिम खणात काढून ठेवणाऱ्या मराठी मंडळींनी यातला पहिला भाग विशेष लक्षात घ्यावा. दिवसातून दोनतीनदा कोड मागितला जाऊ लागला तर टॅबलेट बिघडला असे समजून तो पुसून नव्याने सुरू करण्याची गरज नाही.

कोणाचा टॅबलेट, कोणाचे खाते

पत्ता नेहमी स्वतः टंकित करावा किंवा एकदा जपून ठेवलेल्या बुकमार्कवरून उघडावा. शोधयंत्रात ‘व्हॉट्सॲप वेब’ असे लिहून वरच्या पहिल्या दुव्यावर बोट टेकवण्याची सवय धोक्याची आहे, कारण हुबेहूब तशीच दिसणारी बनावट पाने फसवणारे तयार करतात आणि त्या पानावरचा कोड तुम्ही स्कॅन केला की जोडला जातो तो तुमचा टॅबलेट नव्हे, त्यांचा संगणक. क्रमांकाने जोडणी करण्याच्या पद्धतीचाही असाच गैरवापर होतो. कोणी ओळखीचा वाटणारा माणूस आठ अक्षरांचा संकेत पाठवून ‘हा तुझ्या फोनमध्ये टाक, म्हणजे फोटो दिसेल’ किंवा ‘मतदान पूर्ण होईल’ असे सांगत असेल, तर तो तुमच्या खात्याला स्वतःचे उपकरण जोडत असतो. संकेत तुमच्याच हातातल्या टॅबलेटवर उमटलेला नसेल, तर तो कधीही टाकू नये.

सामायिक टॅबलेटवर काम संपल्यावर नुसता टॅब बंद करणे पुरेसे नाही, कारण पान पुन्हा उघडले की संभाषणे जशीच्या तशी समोर येतात. पानावरील यादीतून ‘लॉग आउट’ करावे. पाच मिनिटांसाठी जागेवरून उठायचे असेल, तर वेब आवृत्तीच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी विभागात पासवर्डने पान कुलूपबंद करण्याची सोय आहे. तो पासवर्ड विसरल्यास बाहेर पडून नव्याने जोडणी करावी लागते, संदेशांचे काही नुकसान होत नाही. डाउनलोड केलेल्या फायली मात्र लॉग आउट केल्याने जात नाहीत. आधार कार्डाची किंवा सातबाऱ्याची प्रत उघडली असेल तर डाउनलोड्स विभागातून ती वेगळी पुसावी.

टॅबलेट दुसऱ्याकडे राहून गेला असला तरी फोनवरून त्याला बाहेर काढता येते: ‘लिंक्ड डिव्हायसेस’च्या यादीत त्या उपकरणाच्या नावावर बोट टेकवून ‘लॉग आउट’ करावे. ही यादी अधूनमधून वाचावी. डेस्कटॉप साइटच्या खुणेमुळे आपला टॅबलेट तिथे टॅबलेट म्हणून न दिसता एखाद्या संगणकाच्या नावाने दिसू शकतो, तेव्हा नाव अनोळखी वाटले तर शेवटच्या वापराची वेळ आपल्या वापराशी जुळते का ते पाहावे. जुळत नसेल किंवा शंका उरली, तर त्याला बाहेर काढावे, कारण टॅबलेट आपलाच निघाला तर पुन्हा कोड दाखवण्यापलीकडे काही बिघडत नाही. आपल्या नावाने कोणी पैसे मागितल्याचे कळले, तर आधी सगळी उपकरणे बाहेर काढावीत, नातेवाइकांना फोन करून सावध करावे आणि सायबर गुन्ह्यांसाठीच्या १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.